एआर-१५ साठी कोणतं मॅगझिन घ्यावं: तीस, चाळीस की साठ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे टेक्ससमध्ये, ऑस्टिनजवळ राहतात. ग्रीन कार्ड आहे. नुकतीच १६ इंची नळीची, ५.५६ मिमी काडतुसाची एआर-१५ रायफल घेतली, तिच्याबरोबर तीस काडतुसांचं एकच मॅगझिन (काडतुसं भरून रायफलीला खालून लावायचा डबा) आलं. दुकानात चाळीस, साठ, अगदी शंभरपर्यंतची मॅगझिनं दिसतात. मोठं घेतलं तर शूटिंग रेंजवर सारखं भरत बसावं लागणार नाही, असा त्यांचा हिशोब. धातूचं घ्यावं की पॉलिमरचं, म्हणजे मजबूत प्लास्टिकचं? किती घ्यावीत? मित्राकडे रुगर कंपनीची मिनी-१४ रायफल आहे, त्याची मॅगझिनं आपल्याला चालतील का? आणि पुढच्या वर्षी नोकरीसाठी न्यू जर्सीत, एडिसनला जावं लागलं तर काय?

मी टेक्ससमध्येच एका रेंजवर सेफ्टी ऑफिसर आहे, आणि फावल्या वेळात लोकांच्या अडकणाऱ्या रायफली बघून देतो. ‘रायफल बिघडली’ म्हणत येणाऱ्या बऱ्याच जणांची रायफल ठणठणीत असते. दुसरं मॅगझिन लावलं की आजार गायब. म्हणून आधी उत्तर सांगून टाकतो: नावाजलेल्या कंपनीची साधी तीसची सहा ते आठ मॅगझिनं घ्या, बेंचवर बसून नेम जुळवण्यासाठी दहाची दोन घ्या, आणि साठ-शंभरचा विचार सोडून द्या. मॅगझिन म्हणजे गाडीच्या ब्रेक पॅडसारखी झिजणारी वस्तू. ती एकच मोठी आणि महागडी घेऊन उपयोग नाही, चांगली आणि जास्त संख्येने हवी.

हे असं का, हे कळायला आत काय घडतं ते बघू. मॅगझिनमध्ये मोजून चार भाग: बाहेरची बॉडी, स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावरचा, काडतुसांना वर ढकलणारा फॉलोअर आणि खालची फ्लोअर प्लेट. वर बॉडीच्या दोन्ही कडा आत वळलेल्या असतात, त्या फीड लिप्स. काडतूस कोणत्या कोनात आणि किती उंचीवर उभं राहणार, हे त्या दोन कडा ठरवतात. गोळी सुटली की बोल्ट, म्हणजे रायफलीतला पुढे-मागे सरकणारा भाग, मागे जातो, रिकामं केस (काडतुसाचं कवच) बाहेर फेकतो आणि पुढे येताना वरचं काडतूस ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसायच्या जागेत नेतो. आता वेळ बघा. लष्कराची एम-१६ ही याच घराण्यातली, पण सलग गोळ्या झाडू शकणारी रायफल; तिचा वेग मिनिटाला साधारण ७०० ते ९५० राउंड, म्हणजे गोळ्या. म्हणजे बोल्टच्या एका फेरीला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. तुमची रायफल एका ट्रिगरला एकच गोळी सोडते हे खरं, पण त्या एका गोळीपुरता बोल्ट जवळपास तितक्याच झपाट्याने ये-जा करतो. तो मागे असतानाच्या निमिषात स्प्रिंगने अख्खी चळत वर उचललेली असली पाहिजे. ५.५६ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं. तीस म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या वर वजन. ते उचलायला स्प्रिंग जरा जरी उशीर करेल, तर बोल्ट वरच्या काडतुसाच्या बुडाला न धरता अंगावरून घसरत जातो आणि अडकतो.

आता याच स्प्रिंगला चाळीस उचलायला सांगा. पावणेपाचशे ग्रॅमच्या पुढे वजन, स्प्रिंग लांब, बॉडीच्या भिंतींशी घर्षण जास्त. चांगल्या कंपनीचं चाळीसचं मॅगझिन चालतं, नाही असं नाही. पण ते इतकं लांब असतं की बेंचवर किंवा जमिनीवर पालथं झोपून मारताना टेबलाला, मातीला टेकतं आणि तुम्ही मान वर काढून बसता. हातात मिळतात फक्त दहा जास्तीच्या गोळ्या.

साठ आणि शंभरचे दोन प्रकार. एक ड्रम, म्हणजे गोल डबा, त्यात काडतुसं गोल फिरत वर येतात. दुसऱ्यात उभ्या बॉडीत चार रांगा असतात, आणि वर येताना चाराच्या दोन होतात. चार रांगांच्या दोन होतात ती जागा नाजूक. तिथे किंचित धूळ गेली किंवा बॉडी जराशी दबली की अडकलंच. ड्रममध्ये त्यातल्या त्यात मॅगपुल कंपनीचा डी-६० बरा, भरताना स्प्रिंगचा ताण काढायला त्याला बाजूला खटका आहे. पण भरलेला डी-६० सव्वा किलोच्या पुढे जातो. तो लटकवला की रायफलीचा तोल बदलतो, खांदा दुखायला लागतो आणि नेम हलतो. एका ड्रमच्या पैशात साधी तीसची सहा-सात मॅगझिनं सहज येतात, आणि त्यांतलं एखादं बिघडलं तरी बाकीची असतात. ड्रम बिघडला की घरी.

भरत बसण्याचा कंटाळा हीच अडचण असेल तर मॅगझिन मोठं करू नका, भरायचं साधन घ्या. ‘लुला’ नावाचा इस्रायली लोडर मिळतो. मॅगझिनच्या तोंडावर बसवायचा, दांडी दाबायची, काडतूस टाकायचं, सोडायचं. अंगठा शाबूत राहतो. आणि घरूनच सहा मॅगझिनं भरून आणली तर एकशे ऐंशी राउंड झाले. नवशिक्याला एका सकाळी त्याहून जास्त मारायचे नसतात. पुढचे नुसते वाया जातात, कारण तोवर हात थकलेला असतो. मॅगझिन रिकामं झालं की थांबायचं, सेफ्टी लावायची, लक्ष्य बघून यायचं, ही सक्तीची विश्रांती मला तर शिकणाऱ्यासाठी फायद्याची वाटते.

धातू की पॉलिमर? यावर इथली माणसं तावातावाने भांडतात. पार्श्वभूमी एवढीच की यूजीन स्टोनर यांनी आखलेली ही रायफल १९५९ मध्ये कोल्ट कंपनीकडे गेली तेव्हा तिचं मॅगझिन अ‍ॅल्युमिनियमचं, वीस राउंडचं होतं, आणि वापरून फेकून द्यायच्या हिशोबाने हलकं बनवलेलं होतं. व्हिएतनाममध्ये बरेच सैनिक वीसच्या मॅगझिनमध्ये अठराच भरत. तीसचं नंतर आलं. त्याचा आकार बघितलात तर वरचा भाग सरळ, मग बाक, असा आहे. काडतुसाचं केस पुढे निमुळतं असल्यामुळे चळत आपोआप वाकते, पण रायफलीची मॅगझिन-विहीर, म्हणजे मॅगझिन बसायची पोकळी, सरळ मॅगझिनसाठी आखलेली. ही तडजोड फॉलोअरला सांभाळावी लागते. तो सरळ भागातून बाकात जाताना पुढे झुकला की काडतूस नाक खाली घालतं. फॉलोअर काळ्याचा हिरवा, हिरव्याचा फिका तपकिरी, मग निळा असा बदलत गेला तो हा झुकाव कमी करायला. जुन्या बाजारात अ‍ॅल्युमिनियमचं मॅगझिन दिसलं आणि आत काळा फॉलोअर असेल तर घेऊ नका, किंवा घेतलंत तर पाच-सहा डॉलर टाकून फॉलोअर आणि स्प्रिंग दोन्ही बदला.

मॅगपुलचं पीमॅग हे पॉलिमरचं मॅगझिन २००७ मध्ये आलं आणि बाजार पालटला. अमेरिकन मरीन कोअरनेही २०१६ च्या अखेरीस त्याच्या तिसऱ्या पिढीला परवानगी दिली. दहा ते पंधरा डॉलरला मिळतं, आदळआपट सोसतं, बाक अखंड असल्यामुळे फॉलोअर झुकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा दोष असा की पडल्यावर त्याची फीड लिप्स किंचित फाकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पॉलिमर एक तर टिकतं, नाहीतर तडकतं. तडा दिसतो, मॅगझिन कचऱ्यात जातं, प्रश्न मिटतो. मला हे जास्त आवडतं. तिसरा पर्याय लान्सर कंपनीचा: बॉडी पारदर्शक पॉलिमरची, लिप्स पोलादी. छान आहे, थोडा महाग. ओके इंडस्ट्रीज, डी अँड एच किंवा ब्राउनेल्सचं अ‍ॅल्युमिनियम मिळालं तरी बिनधास्त घ्या, पातळ असतं, कमरेच्या पाऊचमध्ये नीट बसतं. टाळायचं ते बिननावाचं स्वस्त मॅगझिन. ऑनलाइन फार स्वस्त दिसलं तर ते एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकच्या छर्‍यांच्या खेळण्यातल्या बंदुकीचा खेळ, खेळण्यासाठी बनवलेलं तर नाही ना, तेही बघा. फोटोत फरक कळत नाही.

नवीन मॅगझिन हातात आल्यावर पहिलं काम काय? रायफल रिकामी आहे हे बोट घालून तपासा. मग रिकामं मॅगझिन लावा आणि चार्जिंग हँडल, म्हणजे बोल्ट मागे ओढायची मूठ, ओढा. फॉलोअरने बोल्ट-कॅच (बोल्ट अडकवणारा खटका) वर उचलून बोल्ट मागे अडकवला पाहिजे. बटण दाबल्यावर मॅगझिन स्वतःच्या वजनाने खाली पडलं पाहिजे, हाताने ओढावं लागू नये. मग मॅगझिन बाहेर घेऊन फॉलोअर बोटाने पुढच्या कडेला दाबा, मग मागच्या. तो तळापर्यंत घासत, थबकत न जाता खाली गेला आणि लगेच परत आला तर ठीक. मग लिप्सच्या मागच्या कोपऱ्यांवर, जिथे त्या बॉडीला मिळतात, नख फिरवा. तडा असेल तर तिथेच लागतो.

भरताना एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. तीसच्या तीस भरून, बोल्ट पुढे असताना मॅगझिन लावलं तर वरचं काडतूस बोल्टच्या पोटाला टेकतं. वरून दाब येतो, आणि मॅगझिन पूर्ण आत गेल्यासारखं वाटतं पण खटका बसलेला नसतो. पहिली गोळी सुटते आणि मॅगझिन पायाशी. रेंजवर आठवड्याला एखादा तरी हा प्रकार दिसतो, आणि सगळे वळून बघतात. उपाय दोन. एक म्हणजे अठ्ठावीस भरा. दुसरा, मॅगझिन तळहाताने ठोकून आत घाला आणि लगेच खाली ओढून बघा. बसलं असेल तर हलणार नाही. चेंबरमध्ये काडतूस खरंच गेलं का हे बघायची जुनी युक्तीही शिकून घ्या: लावण्याआधी वरचं काडतूस उजवीकडे आहे की डावीकडे ते बघा. बोल्ट सोडा, मॅगझिन काढा, पुन्हा बघा. बाजू बदलली असेल तर पहिलं आत गेलं. तशीच असेल तर चेंबर रिकामी. हे सगळं करताना नळी लक्ष्याच्या दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर.

आता चाचणी. प्रत्येक मॅगझिनवर पेंट-मार्करने नंबर टाका. पीमॅगच्या तळाला त्यासाठी ठिपक्यांची जाळीच दिलेली आहे. प्रत्येक मॅगझिन दोनदा पूर्ण भरून, तुम्ही नेहमी वापरणार त्याच काडतुसाने मारा. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबला का, हे दर वेळी बघा. दोन्ही वेळा विनातक्रार गेलं तर ते पास. कुठे अडकलं तर नंबर लिहून ठेवा. एकच नंबर पुन्हा पुन्हा अडकला तर मॅगझिनचा दोष, सगळेच अडकले तर रायफलीचा किंवा काडतुसाचा. दोन काडतुसं एकदम वर आली तर लिप्स फाकल्या आहेत. बोल्ट शेवटी थांबत नसेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा रायफलीला बोल्ट मागे ढकलणारा, दारूच्या ज्वलनाचा गॅस कमी मिळतोय, आणि कोणतं ते दुसऱ्या मॅगझिनने लगेच कळतं. फाकलेल्या लिप्स पक्कडीने वाकवून जुळवणारे महाभाग आहेत. दहा-पंधरा डॉलरच्या वस्तूसाठी हा उपद्व्याप करू नका. निकामी मॅगझिन पायाखाली चिरडून टाका, नाहीतर ते बॅगेत राहतं आणि महिन्याने चांगल्यांत मिसळतं.

या सगळ्यात जिवाशी खेळ होईल अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे .३०० ब्लॅकआउट. हे काडतूस ५.५६ च्याच मॅगझिनमध्ये बसतं, तोच बोल्ट ते उचलतो, आणि काही वेळा ते ५.५६ च्या चेंबरमध्ये शिरतंही. गोळीचा व्यास मात्र मोठा आहे. ट्रिगर दाबला तर गोळीला पुढे वाट नाही, रायफल तुमच्या तोंडापाशी फुटते. असे अपघात खरोखर झालेले आहेत. तुमच्याकडे आज ब्लॅकआउट नाही, पण रेंजवर शेजारच्या बेंचवर असेल आणि मॅगझिनं दिसायला सारखी. म्हणून आपल्या मॅगझिनांना एक रंग ठरवा, दुसऱ्याचं मॅगझिन कधी उसनं घेऊ नका, आणि पुढेमागे ब्लॅकआउट घेतलीत तर त्याची मॅगझिनं वेगळ्या रंगाची, वेगळ्या बॅगेत ठेवा.

मित्राच्या मिनी-१४ ची मॅगझिनं तुम्हाला चालणार नाहीत, आणि तुमची त्याला नाहीत. काडतूस एकच असलं तरी तिचं मॅगझिन पुढची कड अडकवून मागे झुलवत बसवायचं असतं, तुमचं सरळ वर जातं. मित्राला एवढं सांगा की मिनी-१४ ला रुगरचंच मॅगझिन घ्यावं. या रायफलीसाठी इतर कंपन्यांची मॅगझिनं इतकी बेभरवशाची की त्यात रायफलीचं नाव खराब झालं. याला इतिहासही आहे: कंपनीचे संस्थापक बिल रुगर यांनीच १९८९ मध्ये काँग्रेस सदस्यांना पत्र लिहून पंधरापेक्षा जास्त क्षमतेच्या मॅगझिनांवर बंदी सुचवली होती, आणि त्यांची कंपनी मोठी मॅगझिनं सामान्य ग्राहकाला विकत नसे. ती जागा फालतू माल बनवणाऱ्यांनी भरून काढली. रुगर २००२ मध्ये वारले, त्यानंतर काही वर्षांनी कंपनीने धोरण बदललं.

एडिसनचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टेक्ससमध्ये मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा नाही. देशभरातही आज नाही. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने दहापेक्षा मोठी नवी मॅगझिनं नागरिकांना बंद केली होती, तो कायदा सप्टेंबर २००४ मध्ये संपला. पण राज्यं आपापले नियम करतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी इथे मर्यादा दहाची. कोलोरॅडोत पंधरा, आणि ती ऑरोराच्या थिएटरमधल्या २०१२ च्या गोळीबारानंतर आली. मॅगपुल त्याच कायद्यावरून कोलोरॅडो सोडून वायोमिंग आणि टेक्ससला गेली. इलिनॉयमध्ये रायफलीला दहा, पिस्तुलाला पंधरा. वॉशिंग्टन राज्यात २०२२ पासून मोठ्या मॅगझिनची विक्री बंद आहे, जवळ असलेलं ठेवता येतं.

न्यू जर्सीत तसं नाही. २०१८ पासून दहापेक्षा मोठं मॅगझिन नुसतं जवळ असणं हाच गुन्हा आहे, चौथ्या श्रेणीचा, अठरा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘टेक्ससमध्ये कायदेशीर घेतलं होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. शिवाय तिथल्या असॉल्ट फायरआर्मच्या यादीत कोल्ट एआर-१५ चं नावच आहे, त्यामुळे मॅगझिनच्या आधी रायफलीचाच प्रश्न. २०२४ च्या जुलैमध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी एआर-१५ वरची बंदी घरातल्या स्वसंरक्षणापुरती घटनाबाह्य ठरवली, पण दहाची मर्यादा उचलून धरली, आणि प्रकरण अपिलात गेलं. अशा निकालांवर भरवसा ठेवून सामान बांधू नका. कॅलिफोर्नियात २०१९ च्या मार्चअखेर न्यायाधीश बेनिटेझ यांनी मर्यादा रद्द केली, आठवडाभर लोकांनी धबाधब मॅगझिनं मागवली, आणि ५ एप्रिलला दार पुन्हा बंद झालं.

तुम्ही करायचं ते असं: बदली पक्की झाली की मूव्हर्सचा ट्रक दाराशी यायच्या आधी दहापेक्षा मोठी सगळी मॅगझिनं टेक्ससमध्येच विका किंवा विश्वासाच्या मित्राकडे सोडा. दिवाणाखालचं, जुन्या बॅगेच्या कप्प्यातलं, सगळं शोधून काढा. रायफलीबद्दल तिथल्या शस्त्र-कायद्याच्या वकिलाला शे-दोनशे डॉलर देऊन विचारा. दहाची दोन मॅगझिनं आत्ताच घ्या म्हणालो, त्याचं हेही एक कारण.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या मंडळींत हे दर वीकएंडला घडतं म्हणून सांगतो. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्हाला अडचण नाही. एच-१बी किंवा एच-४ व्हिसावरच्या मित्राला मात्र केंद्रीय कायदा बंदूक आणि काडतुसं बाळगू देत नाही. वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट आहे, आणि असे दोन-तीन अपवाद सोडले तर रेंजवर तुमची रायफल हातात घेणंही ‘ताबा’ धरलं जाऊ शकतं. ‘एक फोटो काढू दे रे’ म्हणणाऱ्याला आधी परवाना काढायला सांगा. ऑनलाइन मिळतो, फार महाग नाही.

साठवणुकीबद्दल फार काळजी नको. भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग मरते हा समज जुना आहे. चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने झिजत नाही, वारंवार दाबून सोडल्याने झिजते. जपायचं ते फीड लिप्सना. पीमॅगबरोबर येणारी टोपी लावली की चळतीचा दाब लिप्सवरून निघतो, म्हणून ती फेकू नका. ऑगस्टमधल्या टेक्ससच्या बंद गाडीत भरलेली मॅगझिनं ठेवायची नाहीत, उन्हासाठी आणि चोरांसाठीही. आत तेल घालू नका, धूळ चिकटून चिखल होतो. तळाची प्लेट सरकवताना स्प्रिंग उसळते, चष्मा लावा. कोरड्या फडक्याने पुसा, परत बसवा. दोन मॅगझिनं क्लिपने उलटसुलट जोडायची फॅशन आहे, तीही नको. खालच्याचं तोंड मातीत जातं.

आणि रेंजची बॅग रेंजपुरतीच ठेवा. सुट्टीला मुंबईला जाताना तीच बॅग उचलून विमानतळावर जाणारे दरवर्षी निघतात, आणि शिवणीत अडकलेलं एक काडतूस एक्स-रेमध्ये चमकतं. अमेरिकेत मॅगझिन हाताच्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये चालतं, पण ते देशांतर्गत प्रवासापुरतं. देशाबाहेर नेताना निर्यात परवान्याचा प्रश्न येतो, आणि भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. रिकामं मॅगझिन भाच्याला दाखवायला म्हणूनसुद्धा नेऊ नका.